नारायण पेठेतला फोटो स्टुडिओ, आणि 'तुम्ही अगदी निळू फुलेंसारखे दिसता'

आधी रेटिंग सांगतो, पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार जिन्यासाठी आणि दुपारच्या वेळेसाठी कापलाय, ते पुढे येईलच. रिव्ह्यू लांबणार आहे, कारण 'फोटो छान काढतात, स्टाफ चांगला आहे' एवढ्यावर भागणार नाही. या लोकांनी माझं जे काम केलं ते आजवर एकाही फोटोवाल्याला जमलं नव्हतं. आणि ज्यांना कुणी ना कुणी सारखं 'अरे तू सेम त्या अमक्यासारखा दिसतोस' म्हणत असतं त्यांनी तर नक्की वाचा.

मला लोक कॉलेजपासून निळू फुले म्हणतात. पापण्या जड आहेत, डोळे खोल, गाल बसलेले, आवाज खालच्या पट्टीतला आणि बोलणं सावकाश. झालं, एवढं पुरतं लोकांना. हॉस्टेलवर सुरू झालं, मग नोकरीत, मग लग्नात बायकोच्या मावसबहिणींनी, मग सोसायटीच्या गणपतीत स्टेजवरून. आणि कुणीही 'दिसता' म्हणून थांबत नाही हो, लगेच मान तिरकी करून, आवाज घोगरा करून ते सिनेमातल्या पाटलाचं 'बाई, वाड्यावर या' म्हणून दाखवतात आणि माझ्याकडे बघत राहतात, की आता तुमची पाळी, म्हणा.

हिरोसारखा दिसतोस म्हटलं की माणूस चार दिवस खुशीत असतो. व्हिलनसारखा दिसतोस म्हटल्यावर काय करायचं हे कुणी सांगत नाही. हसलं तर मान्य केल्यासारखं होतं, चिडलं तर 'बघा बघा, चिडल्यावर तर अजूनच दिसतात', आणि गप्प बसलं तर 'आखडू आहे'. विशी-पंचविशीत मला याचा खरंच त्रास झालाय. त्या वयात आपण कसे दिसतो यावर बरंच काही अवलंबून असतं, निदान आपल्याला तरी तसं वाटतं, आणि पोरींच्या घोळक्यासमोरून जाताना मागून तो घोगरा आवाज आला की पुढचा रस्ता लांब वाटायचा.

मी एका सहकारी बँकेत आहे, बरीच वर्षं कर्ज विभागात होतो, आता शाखा बघतो. मध्यंतरी बचत गटातल्या एक बाई पिठाच्या गिरणीसाठी कर्ज घ्यायला आल्या होत्या, कागद सगळे चोख, पण बँकेच्या केबिनमध्ये बसायची पहिलीच वेळ. सह्या चालू असताना आमच्यातलाच एक जण दारातून डोकावला आणि तो डायलॉग मारून गेला, त्याच्या दृष्टीने गंमत. बाई हसल्या, पण पेन हातात तसंच धरून दुसऱ्या हाताने पदर सारखा केला आणि खुर्ची जराशी मागे सरकवली. वीतभरच सरकली असेल, पण मला दिसली. त्यांचं काम पूर्ण केलं, मग त्या माणसाला बाजूला घेऊन सांगितलं की मला एकट्याला काय म्हणायचं ते म्हण, पण समोर बाई बसलेली असताना हे परत करायचं नाही, तुला वाटतं तू माझी चेष्टा करतोयस पण घाबरते ती समोरची. हे मी आजही सगळ्यांना सांगेन, साम्यावरून गंमत करणाऱ्यांनी आजूबाजूला अजून कोण बसलंय ते आधी बघावं.

आता यात फोटोवाल्यांचा काय संबंध? सांगतो. शाखा हातात आल्यावर वार्षिक अहवालासाठी आणि शाखेतल्या बोर्डासाठी फोटो लागला. फोटोग्राफर बँकेतच आला, सगळ्यांना एका भिंतीला उभं करून छताच्या लाइटखाली खटाखट काढले, आणि माझी पाळी आल्यावर म्हणाला 'सर तुम्ही हसू नका, तुम्हाला तो निळूभाऊंचा लुक भारी सूट होतो'. अहवाल छापून आला तर त्यात मी बसलोय आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. मग स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या एका स्टुडिओत गेलो (नाव लिहीत नाही), त्यांनी उलटं टोक गाठलं, मला न विचारता दोन शेड गोरं केलं, पापण्या उचलल्या, गाल भरले, गालावरचा व्रण गायब. बायकोने फोटो बघून विचारलं, हे कोण? म्हणजे एकाला मी निळू फुले हवा होतो आणि दुसऱ्याला मी कुणीच नको होतो.

तर या स्टुडिओत मी गेलो तो भाचीमुळे. तिला अमेरिकेच्या व्हिसासाठी फोटो हवे होते. तो चौकोनी असतो, ५१ बाय ५१ मिमी, पांढरं बॅकग्राउंड, चष्मा चालत नाही, आणि डोक्याची उंची एकूण फोटोच्या साधारण ५० ते ६९ टक्के असावी लागते, आपला नेहमीचा पासपोर्ट साइज चालत नाही. हे सगळं यांना तोंडपाठ आहे, कुठल्या देशाला काय लागतं ते विचारायच्या आधीच सांगतात, शेंगेनला ३५ बाय ४५ वगैरे. तिचं काम होईपर्यंत मी बाकड्यावर बसलो होतो आणि भिंतीवरचे फोटो बघत होतो. बहुतेक स्टुडिओत एखाद्या नटासोबत मालकाचा फोटो लावलेला असतोच ना, इथे एकही नाही. सगळी साधी माणसं. नऊवारीतल्या एक आजी, पोस्टाच्या खाकी ड्रेसमधला एक माणूस, शाळेच्या युनिफॉर्ममधली जुळी पोरं. आणि त्या जुळ्यांकडे बघून कळत होतं की दोघं वेगळे आहेत, एक जण खोडकर आहे आणि दुसरा घाबरट. जुळ्यांचा असा फोटो मी पहिल्यांदा बघितला. तिथेच ठरवलं, आपला पण इथेच काढायचा.

स्टुडिओ बाप-लेकीचा आहे. काका सत्तरीच्या पुढचे, आता फारसा कॅमेरा धरत नाहीत, पण खुर्ची टाकून बसलेले असतात आणि सगळीकडे लक्ष असतं. फोटो ताई काढतात. त्यांनी मला बसवलं, आणि पाच-सात मिनिटं कॅमेऱ्याला हातच लावला नाही, नुसतं बोलत होत्या, कुठे राहता, बँकेत काय काम असतं, फोटो कुठे लागणार आहे. मी वाट बघत होतो की आता म्हणतील, आता म्हणतील. नाही म्हणाल्या. शेवटी मीच म्हटलं, ताई मला लोक निळू फुले म्हणतात, तेवढं टाळता आलं तर बघा.

त्यावर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, एक मिनिट हां, तुम्हाला दाखवतेच. मोठा लाइट स्टँडवर पार वर नेला, जवळजवळ डोक्यावर, बाकीचे बंद केले आणि एक फोटो काढला. मग तोच लाइट खाली आणला, डोळ्यांच्या जरासा वर, एका बाजूला, पुढे सॉफ्टबॉक्स (लाइट मऊ करणारी कापडी पेटी), आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट माझ्या गालाच्या अगदी जवळ धरायला भाचीला उभं केलं. दुसरा फोटो. दोन्ही शेजारी शेजारी मॉनिटरवर लावले. मी तोच, शर्ट तोच, चेहऱ्यावरचे भाव पण साधारण तेच. पहिल्यात भुवयांची सावली डोळ्यांवर पडलेली, पापण्या अजून जड, गालाच्या हाडाखाली काळोख, आणि खरं सांगतो, मला स्वतःला त्यांचा 'सामना' सिनेमातला हिंदुराव पाटील दिसला. दुसऱ्यात बुबुळात लाइटचा छोटा पांढरा ठिपका आलेला आणि डोळे चक्क दिसत होते, तपकिरी आहेत माझे, फोटोत मला ते कधी दिसलेच नव्हते. ताई म्हणाल्या, तुमचे डोळे आत आहेत, वरून लाइट आला की ते झाकले जातात, ऑफिसात ट्यूब वर, घरात वर, रस्त्यावर दिवा वर, मग लोकांना दुसरं काय दिसणार.

अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली ती सगळ्यांच्याच कामाची आहे. मोबाइल हातात धरून इतक्या जवळून फोटो काढला की नाक मोठं येतं आणि कान मागे जाऊन बारीक होतात, तो दोष नाकाचा नसून अंतराचा. त्या सहा-सात फूट मागे उभ्या राहून ८५ एमएमच्या लेन्सने काढतात. त्यामुळे सेल्फीवरून 'मी याच्यासारखा दिसतो, त्याच्यासारखा दिसतो' ठरवण्यात काही अर्थ नाही, अंतर बदललं की चेहऱ्याची सगळी प्रमाणं बदलतात.

हे चालू असताना काका तिकडून बोलले, आणि त्यांचं बोलणं माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. म्हणाले, मी त्यांना लहानपणी 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्यात बघितलंय, लोक हसून हसून बाकाखाली जायचे. तुम्ही ज्याला निळू फुले म्हणताय तो त्यांचा चेहरा नव्हता, तो ते करायचे. पापण्या किती खाली आणायच्या, शब्द कुठे ओढायचा, बघून किती वेळ थांबायचं. तुम्हाला लोक त्यांच्यासारखं म्हणत नाहीत, त्यांनी केलेल्या पाटलासारखं म्हणतात. दोन्हीत फार फरक आहे साहेब.

आणि हे किती बरोबर आहे बघा. सिनेमात ते आले १९६८ साली, 'एक गाव बारा भानगडी', त्यानंतर पाटील, सरपंच, चेअरमन, सावकार हे त्यांनी इतके जिवंत केले की बायाबापड्या त्यांना खरोखर घाबरायच्या, त्यांच्या नावाने बोटं मोडायच्या. पण माणूस कोण होता? राष्ट्र सेवादलाच्या कलापथकात तयार झालेला, तरुणपणी इथेच पुण्यात आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या बागेत माळीकाम करणारा, आणि त्या तुटपुंज्या पगारातले पैसे परत सेवादलाला देणारा. पुढे नाव झाल्यावर डॉ. श्रीराम लागू वगैरे मंडळींबरोबर 'लग्नाची बेडी' नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसे उभे केले, म्हणजे आयुष्य झोकून काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना महिन्याला काहीतरी मानधन मिळावं म्हणून. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात पण होते. १३ जुलै २००९ ला गेले. आणि त्यांचाच तोच चेहरा १९७९ च्या 'सिंहासन' मध्ये बघा, पत्रकार दिगू टिपणीस, तिथे कुणी त्यांना घाबरत नाही, तिथे त्या जड पापण्यांमध्ये सगळं राजकारण बघून दमलेला एक भला माणूस दिसतो. तोच चेहरा हो, नाक-डोळे तेच.

हे सगळं मला आधीपासून तुकड्या-तुकड्यात माहीत होतं, पण कुणी माझ्याशी जोडून कधी सांगितलं नव्हतं. त्यामुळे आता कुणी म्हटलं ना की मी सरळ म्हणतो, हो, म्हणतात लोक, फार मोठे नट होते, आणि माणूस म्हणून त्याहून मोठे, 'सिंहासन' बघितलाय का तुम्ही? बहुतेकांनी बघितलेला नसतो. मग बोलणं तिकडे वळतं आणि डायलॉग राहून जातो. हे मी मनापासून करतो, कारण मला खरंच वाटतं की त्या माणसाला त्या एका वाक्यात कोंबणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, माझ्यावर आहे त्याच्यापेक्षा मोठा.

दुसरं म्हणजे, साम्य बोलून दाखवणारे बहुतेक सगळे परके किंवा नवीन ओळखीचे असतात हे कधी लक्षात आलंय का तुमच्या? माझ्या बायकोला मी कधीच तसा दिसलो नाही, आईला तर अजिबात नाही, ती म्हणते तू माझ्या थोरल्या भावासारखा आहेस. याला कारण आहे. अनोळखी चेहरा आपण केस, कपाळ, चेहऱ्याची ठेवण अशा बाहेरच्या गोष्टींवरून पटकन लक्षात ठेवतो, आणि ओळखीचा झाला की आतल्या गोष्टींवरून, डोळे, तोंड, त्यांची हालचाल. त्यामुळे पहिल्या भेटीत जे साम्य डोळ्यांत भरतं ते सहवासात विरतं. म्हणजे 'तुम्ही अमक्यासारखे दिसता' म्हणणारा माणूस त्याच्या डोक्यात आधीपासून बसलेला एक चेहरा तुमच्यावर ठेवून बघत असतो. त्यात वाईट हेतू नसतो. त्याने तो सिनेमा कधीतरी टूरिंग टॉकीजमध्ये वडिलांच्या मांडीवर बसून बघितलेला असतो, ती आठवण असते त्याची.

आणि खरोखर हुबेहूब दिसणारे लोक असतातच की. बार्सिलोनाच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये अशा ३२ जोड्या तपासल्या, एकमेकांशी काही नातं नाही पण चेहरे सारखे. चेहरे ओळखणाऱ्या तीन सॉफ्टवेअरना एकमताने सारख्या वाटल्या त्यातल्या १६ जोड्या, आणि त्यांच्या जनुकांतही बराच सारखेपणा सापडला. मात्र त्या जनुकांवर आयुष्यभरात ज्या रासायनिक खुणा होतात त्या, आणि शरीरातले जिवाणू, हे वेगळे निघाले. मला हे फार आवडलं. नाक एक असेल, पण जगलात ते तुमचं तुम्ही.

भाचीचं उलटं आहे, तिला सगळे माधुरीसारखी हसते म्हणतात. आम्हाला सगळ्यांना वाटायचं पोरगी किती नशीबवान. येताना रस्त्यात तिने सांगितलं की मामा मी फोटोत हसतच नाही आता, कारण हसले की लगेच कुणीतरी म्हणतं 'हां, आता आलं बघ ते' किंवा 'आज नाही आलं'. म्हणजे हिच्या हसण्याला रोज मार्क. मी माझ्या व्हिलनपायी कुढत बसलो होतो आणि इकडे हिरॉईनवालीचं हे असं. आयांनो, मावश्यांनो, एवढं करा, पोरगी हसली तर हसू द्या, कुणासारखी ते राहू दे. व्हिसाचा झाल्यावर ताईंनी तिचे पण दोन-चार साधे फोटो काढले, कॅमेऱ्याकडे बघ सुद्धा म्हटलं नाही, थर्माकोल धरून माझ्याशी बोलत असतानाच टिपले. त्यातला एक तिने डीपीला ठेवलाय, चक्क दात दिसतायत.

आता कामाचं.

पोर्ट्रेटचे १२०० घेतले, त्यात तीन फोटो फायनल करून देतात आणि एक ८ बाय १० ची प्रिंट. व्हिसाचे वेगळे, तेही नेहमीच्याच रेटमध्ये. मोठ्या मॉलमधल्या स्टुडिओच्या मानाने काहीच नाही. रिटचिंगच्या आधी विचारतात, हे ठेवू का, हे काढू का. मी व्रण ठेवायला सांगितला, तो लहानपणी विहिरीच्या काठावर पडलो होतो तेव्हाचा आहे. रंग उजळ करू का असं एका शब्दाने विचारलं नाही, याचे माझ्याकडून वेगळे मार्क. घाई नाही, पण म्हणून मागे नंबर असेल तर थांबावं लागतं, फोन करून गेलेलं बरं.

जिना लाकडी आणि उभा आहे, जुन्या वाड्यात असतो तसा, वर चढताना धरायला दोर लावलाय. गुडघे दुखणाऱ्यांना खरंच अवघड आहे, माझ्या आईला मी नेऊ शकत नाही याचं वाईट वाटतं, तिचा एक चांगला फोटो यांच्याकडून हवा होता. विचारलं तर घरी येऊन काढतात म्हणाले, जाण्यायेण्याचे वेगळे घेऊन, ते करणार आहे. दुपारी १ ते ४ बंद, आणि नोकरी करणाऱ्या माणसाला लंच टाइममध्येच सवड असते, हे त्यांनी शनिवारपुरतं तरी बदलावं. गाडी आणू नका, नारायण पेठेत पार्किंग शोधण्यात अर्धा तास जाईल आणि चेहऱ्यावर तो वैताग घेऊन फोटोला बसाल. मेट्रोने डेक्कनला उतरा, लकडी पुलावरून अलका चौकात या, तिथून केळकर रस्त्याने चालत दहा-पंधरा मिनिटं.

बँकेच्या बोर्डावर आता नवीन फोटो लागलाय. तरी परवा एक पेन्शनर काका म्हणालेच, साहेब तुम्हाला कुणी सांगितलंय का, आणि मी म्हटलं, सांगितलंय काका, बसा, 'सिंहासन' बघितलाय का. त्यांनी बघितला होता. वीस मिनिटं बोलत बसलो, मागे रांग लागली.

एक राहिलं, सॉफ्ट कॉपी व्हॉट्सॲपवर पाठवतात ती फोटो म्हणून न मागता डॉक्युमेंट म्हणून मागा, नाहीतर साइज कमी होऊन येते आणि प्रिंटला धुरकट दिसते. पेनड्राइव्ह नेलात तर सगळ्यात उत्तम, लगेच भरून देतात.